ट्रकच्या इंजिनाला बायपास फिल्टर आणि ऑइल कूलर: इंदूरच्या नव्या गाडीमालकांसाठी

भिवंडीहून माल भरून इंदूरला येणाऱ्या गाडीला कसारा, मग बिजासन आणि शेवटी धामनोद सोडल्यावर मानपूरकडे जाणारा गणपती घाट, असे सगळे चढ भरल्या गाडीनंच चढावे लागतात. मे महिन्यात हवा बेचाळीस अंशांवर, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, समोरून वारा नाही, सगळा भार पंख्यावर. या रस्त्यावर गाडी टाकलेल्या नव्या मालकाला पहिल्या उन्हाळ्यातच कुणीतरी सांगतं, की बायपास फिल्टर लाव, ऑइल कूलर लाव, इंजिन दुप्पट चालेल. दुप्पट वगैरे सोडा. पण नीट बसवलं तर फायदा खरा आहे, आणि वाईट बसवलं तर घाटातच इंजिन धरतं. माझं मत आधीच सांगून ठेवतो: फिल्टर कुठल्या कंपनीचा यापेक्षा त्याचे पाइप कुणी आणि कसे टाकले हे महत्त्वाचं. पैसे वाचवायचे असतील तर फिल्टरवर वाचवा, होजवर नको.

बायपास म्हणजे काय

इंजिनावर जो मूळ फिल्टर असतो त्यातून पंपाचं सगळं ऑइल जातं. सगळं जायचं म्हणजे जाळी फार बारीक ठेवता येत नाही, नाहीतर बेअरिंगला ऑइल कमी पडेल. म्हणून तो साधारण २० ते ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून मोठा कचराच अडवतो. शिवाय त्यात एक वॉल्व्ह असतो. फिल्टर चोक झाला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं की तो उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे जातं. बेअरिंगमधला ऑइलचा थर मात्र काही मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे ५ ते १५ मायक्रॉनचे कण मूळ फिल्टरमधून आरामात सुटतात आणि बेअरिंग, रिंग, लाइनर घासत बसतात.

बायपास फिल्टर पंपाच्या ऑइलपैकी अगदी थोडा हिस्सा, दहा टक्के किंवा त्याहून कमी, बाजूला घेतो, हळूहळू २-३ मायक्रॉनपर्यंत गाळतो आणि परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, सोडतो. बेअरिंगच्या वाटेत तो येतच नाही. चोक झाला तरी इंजिन उपाशी राहत नाही, एवढंच की फिल्टरचं काम थांबतं. ही कल्पना काही नवी नाही. पुण्याच्या किर्लोस्कर कमिन्सची एनटी-८५५ इंजिनं डंपरवर असायची, त्यांना कंपनीचाच बायपास फिल्टर होता.

काय होत नाही तेही ऐका. ऑइलमध्ये मिसळलेलं डिझेल बायपास फिल्टर काढत नाही. ऑइलमध्ये कूलंट उतरत असेल तर ते त्यानं थांबत नाही. ॲसिड मारणारं जे रसायन ऑइलमध्ये असतं ते संपत आलं की फिल्टर कितीही बारीक असला तरी ऑइल बदलावंच लागतं. आणि एअर फिल्टरच्या पाइपाचा क्लिप ढिला असेल, तर आपल्याकडची धूळ जेवढी आत ओढली जाईल तेवढी काढायला बायपास पुरणार नाही. आधी तो क्लिप घट्ट करा, त्याला पैसेही लागत नाहीत.

आधी मोजा

नवी गाडी वॉरंटीत किंवा कंपनीच्या मेंटेनन्स करारात असेल तर इथेच थांबा. ऑइलच्या वाटेत हात घातला की पहिल्याच क्लेमला कंपनी बोट दाखवते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर सेन्सर आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इतके गुंतलेले आहेत, की वॉरंटी संपली तरी ऑइल प्रेशरच्या सेन्सरला टी (तीन तोंडांचा जोड) लावू नये. हा लेख मुख्यतः त्याआधीच्या, स्वतःच्या पैशानं इंजिनकाम करून घ्यावं लागणाऱ्या गाड्यांसाठी आहे.

मोजायच्या गोष्टी तीन. पहिली, ऑइलचं प्रेशर, गरम इंजिनावर. डॅशबोर्डच्या काट्यावर भरवसा नको, मिस्त्रीकडचं गेज लावून घ्या. उदाहरणार्थ कमिन्सच्या ५.९ लिटर बी-सिरीजला गरम असताना आयडलवर निदान ०.७ बार आणि पूर्ण आरपीएमवर निदान २ बार लागतं. तुमचं इंजिन या किमान आकड्याच्या आसपासच रेंगाळत असेल, तर बायपासची लाइन काढून ते आणखी खाली नेऊ नका. त्याला आधी बेअरिंग आणि पंप बघायची गरज आहे.

दुसरी, ऑइलचं तापमान. टेंपरेचरचा काटा पाण्याचा असतो, ऑइलचा नाही. चेंबरच्या ड्रेन प्लगमध्ये बसणारा सेन्सर आणि छोटं डिजिटल मीटर मिळतं, ते सगळ्यात चांगलं. ते नसेल तर लेझरवाली टेंपरेचर गन घेऊन घाट चढून झाल्या झाल्या, गाडी सुरक्षित जागी उभी करून, चेंबरच्या बाजूला मारा. चकचकीत अॅल्युमिनियमवर ही गन चुकीचं वाचन देते, म्हणून चेंबरवर मॅट काळ्या रंगाचा एक ठिपका मारून ठेवा आणि नेहमी तिथंच मोजा. ९० ते ११० अंश हे तब्येतीचं तापमान. चढावर थोडा वेळ ११५ गेलं तर हरकत नाही. १२० च्या वर बराच वेळ राहत असेल तर कूलिंगकडे बघायला हवं, कारण त्यापुढे दर दहा अंशांना ऑइल खराब व्हायचा वेग साधारण दुप्पट होतो. उलट ८० च्या खाली राहणारं ऑइलही वाईट, त्यातला ओलावा उडत नाही.

तिसरी, ऑइलचा नमुना लॅबला. त्याचं कारण पुढे येईल, पण पहिला नमुना काहीही बसवण्याच्या आधीचा हवा. नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

असलेलं कूलिंग साफ करा

ही पायरी सगळे गाळतात. बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनात फिल्टर हेडच्या मागे पाण्यावर चालणारा ऑइल कूलर आधीपासून असतोच. तो काम करत नसेल तर बाहेर आणखी एक लावणं म्हणजे रोग तसाच ठेवून औषध वाढवणं. बोअरिंगचं खारं पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलेल्या गाडीत या कूलरच्या पत्र्यांवर क्षाराचा थर चढतो आणि ऑइलची उष्णता पाण्यात उतरत नाही. थर काढून घ्या आणि पुढे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. मग इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधली जागा बघा. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, पण दोघांच्या मध्ये भुसा, कापूस आणि ऑइल मिसळून गोधडीसारखा थर बसलेला असतो. तो आतून बाहेर हवा मारून काढावा लागतो, प्रेशर पाण्याची तोटी जवळ धरली तर पात्या वाकतात. पंख्याचा व्हिस्कस क्लच आणि थर्मोस्टॅट तपासा. एवढं केल्यावर परत तापमान मोजा. बऱ्याच गाड्यांना यानंतर बाहेरच्या कूलरची गरजच राहत नाही, आणि राहिली नाही तर ती पायरी सोडून द्या.

फिल्टर घेताना

दुकानदाराला मायक्रॉन विचारलात तर तो 'एक' म्हणेल. त्याला बीटा रेशो विचारा. ३ मायक्रॉनला बीटा ७५ म्हणजे त्या मापाचे ७५ पैकी ७४ कण अडतात, ही खरी बारीक जाळी. नुसतं 'एक मायक्रॉन' म्हणजे कितीही सुटत असेल. एलिमेंट इंदूरात पुन्हा मिळेल का हे आधी बघा, नाहीतर पहिला चोक झाला की हाउसिंग नुसती शोभेची वस्तू. टॉयलेट पेपरचा रोल बसवायचे फिल्टर खरोखर असतात आणि त्यांचे भक्तही आहेत, पण घरगुती रोल कसा गुंडाळलाय त्यावर सगळं अवलंबून, कडेनं वाट सापडली की ऑइल न गाळता निघून जातं. मी ते सुचवणार नाही.

ऑइल घ्यायची जागा आणि बारीक भोक

लाइन घ्यायची ती मेन गॅलरीच्या, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेच्या, एखाद्या बंद प्लगमधून किंवा प्रेशर स्विचच्या जागेतून टी काढून. टर्बोच्या लाइनमधून कधीच नाही. टर्बोला ऑइल एका क्षणाला कमी पडलं तरी त्याचा शाफ्ट जातो. टी लावायची असेल तर ती स्टीलची घ्या. पितळी टी आणि तिच्या टोकावर लटकलेला जड सेन्सर हे इंजिनाच्या कंपनांनी मुळाशी चिरतं. सेन्सर छोट्या होजवर काढून ब्रॅकेटवर बसवणं उत्तम. चुडी, म्हणजे फिटिंगचे आटे, ओळखून घ्या. कुठे मेट्रिक असते, कुठे टेपर एनपीटी (निमुळती अमेरिकन पाइपची चुडी), आणि दिसायला जवळपास सारखी असल्यानं जबरदस्तीनं दोन-तीन वेटोळे आत जातातही. सफेद टेप वापरू नका, तिचे धागे तुटून ऑइलमध्ये जातात. सरळ चुडीला तांब्याचा किंवा डाउटी वॉशर (धातूच्या कड्यात रबर असलेला), टेपरला लिक्विड सीलंट, तोही पहिला वेटोळा सोडून.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. लाइनमध्ये साधारण १.५ मिलिमीटर भोकाचा रेस्ट्रिक्टर, म्हणजे ऑइलचा प्रवाह आवरणारा तुकडा, लागतो. बऱ्याच किटमध्ये तो फिल्टरच्या तोंडाशी बसवायला देतात. तो इंजिनाच्या टोकाला, पहिल्याच निपलमध्ये बसवा. हिशेब साधा आहे. ४ बार प्रेशरला दीड मिलिमीटरच्या भोकातून गरम ऑइल मिनिटाला दोन लिटरच्या आसपास जातं. रेस्ट्रिक्टर इंजिनापाशी असेल आणि होज फुटला, तर पंधरा लिटरच्या चेंबरमधून मिनिटाला दोनच लिटर जाईल, ड्रायव्हरला वास येईल, धूर दिसेल, प्रेशर पडायच्या आत गाडी कडेला घेता येईल. रेस्ट्रिक्टर फिल्टरपाशी असला तर फुटलेल्या होजला अडवणारं काहीच नाही, चेंबर बघता बघता रिकामं होतं. सांवेर रोडच्या कुठल्याही लेथवाल्याकडून निपलमध्ये असं भोक पाडून घेता येतं. ड्रिल नवं असावं आणि भोकाच्या कडेचा बर (धारदार कीस) काढलेला असावा.

होज

इथे थोडं थांबू, कारण हे काम इथेच बिघडतं. हायड्रोलिक होजच्या दुकानात गेलात की तो आर-१ किंवा आर-२ होज काढून दाखवेल आणि म्हणेल, साहेब, दोनशे बारचा आहे, तुमच्या पाच बारला काय होतंय. प्रेशरचं त्याचं खरं आहे. पण या साध्या होजची तापमानाची मर्यादा १०० अंश असते, आणि आपलं ऑइल घाटात ११५ वर जातं. असा होज लगेच फुटत नाही. वर्ष-सहा महिने आतून कडक होत जातो, बोटांनी वाकवला की बारीक चिरा दिसतात, आणि मग क्रिम्पच्या, म्हणजे होजवर फिटिंग दाबून बसवलेल्या जागेच्या, कडेला घाम फुटल्यासारखं ऑइल येऊ लागतं. म्हणून १५० अंशांचा होज मागा, किंवा सरळ टेफ्लॉनचा, वर स्टीलच्या जाळीचा. महाग पडतो, पण गाडीच्या बाकी आयुष्यात परत बघावा लागत नाही. टेफ्लॉन तीव्र वळणावर मोडतो आणि मोडलेला सरळ होत नाही, तेव्हा वळणाला एल्बो घ्या.

होज कापतात ते ग्राइंडरच्या चकतीनं. रबराचा आणि लोखंडाचा काळा भुगा आत चिकटलेला असतो. क्रिम्प झाल्यावर आत डिझेल घालून हलवा, पांढऱ्या फडक्यावर ओता, हवा मारा, परत. फडकं स्वच्छ येईपर्यंत. मग दोन्ही तोंडं टेप लावून बंद करा आणि बसवायच्या क्षणीच उघडा.

सप्लायला ६ मिलिमीटर आतला व्यास पुरतो. रिटर्नला १० ते १२ मिलिमीटर घ्या, कारण तिथे प्रेशर जेमतेम असतं, आणि चेंबरला जोडलं तर ऑइल नुसतं उतारानं वाहतं. रिटर्न टॅपेट कव्हरला किंवा ऑइल भरायच्या झाकणाला जोडणं सगळ्यात सोपं, चेंबर काढून वेल्डिंग करावं लागत नाही. त्यासाठी फिल्टर झाकणापेक्षा वर असायला हवा असं नाही, आतलं प्रेशर ऑइल वर ढकलतं. चेंबरला जोडत असाल तर ऑइलच्या पातळीच्या वर, आणि पूर्ण वाटभर उतार. मध्ये झोळ राहिला तर तिथे ऑइल साचून मागे दाब येतो. टर्बोच्या ड्रेन पाइपला मात्र रिटर्न जोडू नका, टर्बोचं ऑइल अडून सीलमधून गळायला लागतं.

बसवणं

हाउसिंग इंजिनावर नको, चेसिसवर. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, चेसिस वेगळी हलते, म्हणून होजला दोन्हीकडे थोडी ढिलाई ठेवा. चेसिसला वेल्डिंग नाही. भोक पाडायचंच तर उभ्या पट्टीत, वरच्या-खालच्या फ्लँजला कधीच नाही. बहुतेक वेळा कंपनीची रिकामी भोकं सापडतातच. टायर उडवतो त्या दगडाच्या वाटेत आणि सायलेन्सरच्या जवळ फिल्टर नको. प्रत्येक क्लिपखाली रबर.

सगळं बसलं की केबिन टिल्ट करा. खरोखर करा. एक माणूस केबिन हळूहळू वर घेतो, दुसरा टॉर्च घेऊन खाली होजवर डोळे ठेवतो. केबिन उतरताना ज्या होजला केबिनचा बिजागर चिमटा घेतो, तो जमिनीवर उभ्या गाडीत कधीच दिसत नाही. क्लच पाइप, स्टिअरिंग रॉड आणि गिअर लिंकेजलाही तसंच हलवून बघा.

पहिल्यांदा सुरू करताना

नवा फिल्टर आधी ऑइलनं भरा. मूळ फिल्टरही बदला. बीएस-४ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांना १५डब्ल्यू-४० ग्रेडचं सीआय-४ प्लस ऑइल चालतं, पण गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच. आयडलवर सुरू करा, प्रेशर आलं की प्रत्येक जोडाला कोरड्या कागदानं पुसून बघा. ऑइल गरम होईस्तोवर बघत राहा, थंड असताना न गळणारा जोड गरम झाल्यावर गळतो. दहा मिनिटं बंद ठेवून डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा. फिल्टर आणि पाइपात दोन-तीन लिटर गेलेलं असतं, तेवढं वर भरा. मग रिंग रोडवर एक रिकामी चक्कर मारून परत सगळे जोड आवळून घ्या. पहिली भरलेली फेरी लांबची नको, पिथमपूर-देवास पुरे.

कूलर, लागलाच तर

बरेच जण बायपासच्याच लाइनमध्ये छोटा कूलर घालतात आणि समजतात झालं. मिनिटाला दोन लिटर ऑइल तीस अंशांनी थंड केलं तर दोन किलोवॅटसुद्धा उष्णता निघत नाही. दीडशे-दोनशे हॉर्सपॉवरच्या इंजिनाला घाटात ती काही नाही. खरा कूलर पूर्ण ऑइलच्या वाटेत घालावा लागतो, आणि तिथे होज फुटला तर रेस्ट्रिक्टर वाचवायला नसतो. म्हणून मी तो शेवटी सांगतोय आणि अगदी गरज असेल तरच सांगतोय.

मूळ फिल्टर आणि ब्लॉक यांच्या मध्ये बसणारी सँडविच प्लेट घ्या, थर्मोस्टॅटवाली, साधारण ८० अंशांच्या पुढे उघडणारी. नसेल तर डिसेंबरच्या पहाटे ऑइल गरमच होणार नाही. जोडणी अशी हवी की ऑइल आधी कूलरला जाईल आणि येताना मूळ फिल्टरमधून गाळून बेअरिंगला जाईल. उलट केलं तर कूलरमधला कचरा सरळ बेअरिंगमध्ये. होज इथे १२ मिलिमीटरच्या खाली नको, प्रेशर पडतं. कूलर रेडिएटरच्या समोर लावायचा मोह होतो, पण तिथे इंटरकूलर आधीच आहे आणि कूलरचं गरम वारं रेडिएटरच्या वाट्याला जाईल. चेसिसच्या बाजूला २४ व्होल्टच्या पंख्यासकट लावा, तोंडं वरच्या बाजूला.

लोहा मंडीत जुने कूलर स्वस्तात मिळतात. घेऊ नका. ज्या इंजिनातून तो निघाला त्याचं बेअरिंग गेलेलं असेल तर त्याचा चुरा कूलरच्या आत अडकलेला असतो आणि कितीही धुतला तरी सगळा निघत नाही. एसीचा कंडेन्सर ऑइल कूलर म्हणून विकणाऱ्यालाही नमस्कार करा.

पुढची देखभाल

बायपास चालतोय का, हे हातानं कळतं. गाडी तास-दीड तास चालल्यावर हाउसिंगला हात लावा, सांभाळून, चटका बसतो. इंजिन गरम आणि हाउसिंग कोमट असेल तर एलिमेंट चोक झालंय किंवा भोकात कचरा अडकलाय. एलिमेंट बदलताना जुनं कापून उघडा. आतला काळा चिकट थर ही काजळी, ती असणारच, इजीआरच्या (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या) गाडीत जास्त. बोटावर घेऊन उन्हात धरल्यावर पिवळसर किंवा लालसर चमक दिसली तर बेअरिंगकडे लक्ष द्या.

ऑइल बदलायचं अंतर पहिल्या दिवसापासून वाढवू नका. नेहमीच्याच किलोमीटरला नमुना पाठवा. गरम इंजिनावर, बायपासच्या आधीच्या लाइनमधून, थोडं ऑइल सोडून देऊन मग स्वच्छ बाटलीत. रिपोर्टमध्ये १०० अंशांची व्हिस्कॉसिटी १२.५ ते १६.३ मध्ये आहे का, टीबीएन (ॲसिड मारायची ऑइलची उरलेली ताकद) नव्या ऑइलच्या निम्म्याखाली गेला का, हे आधी बघा. सिलिकॉन चढला तर एअर फिल्टरची वाट, सोडियम किंवा पोटॅशियम चढलं तर कूलंट उतरतंय. लोखंडाचा आकडा बसवण्याआधीच्या नमुन्यापेक्षा किती उतरला, त्यावरून पैसे वसूल होताहेत का ते कळेल. रिपोर्ट सलग चांगले आले की अंतर थोडं थोडं वाढवा. जुनं ऑइल आणि एलिमेंट नाल्याला सोडू नका, परवाना असलेला भंगारवाला किंवा रिसायकलर ते घेतो.

शेवटी टूलबॉक्समध्ये एक छोटी पिशवी. तिच्यात गॅलरीच्या चुडीचा एक बंद प्लग, वॉशरसकट. रिटर्नच्या भोकाचा दुसरा प्लग. त्या मापाचा पाना, आणि ऑइलचा पाच लिटरचा सीलबंद डबा. ड्रायव्हरला एकदा गॅरेजमध्ये समोर उभं करून प्लग बसवून घ्या. बिजासनला रात्री होज फुटला तर मिस्त्रीची वाट न बघता तो लाइन काढून, प्लग मारून, ऑइल भरून गाडी जुन्या पद्धतीनं घरी आणू शकतो. कूलर लावला असेल तर सँडविच प्लेट काढून फिल्टर सरळ ब्लॉकवर बसवता येतो, त्यासाठी मूळ स्टडही त्याच पिशवीत ठेवा.